बाईंच्या कपाटातल्या माश्या

नोकरी सांभाळून मी परसात मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवतो. मध खाण्यापेक्षा माश्यांकडे बघत बसण्याचाच छंद जास्त. मागच्या हिवाळ्यात घाटावरची थंडी खाली उतरली ती हलेचना. नऊ-नऊ वाजेपर्यंत धुकं. आंब्याचा मोहोर काळा पडला, काजू फुलायचं नाव घेईना. मी साखरेचा पाक ठेवत होतो, तरी दोन पेट्या मेल्या. तिसरीतल्या माश्या मेल्या नाहीत, निघून गेल्या. एका सकाळी झाकण उघडलं तर आत कोरडी पोळी आणि मुंग्या.

माघ संपता संपता ऊन तापलं आणि काजूला तुरे आले. तुऱ्यांवर माश्या दिसल्या. एवढ्या लवकर कुठून आल्या म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेलो. सगळ्या एकाच दिशेने जात होत्या, शेजारच्या बंद घराकडे. खिडकीची एक काच फुटली होती, तिथून त्या आत शिरत होत्या.

ते घर आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंचं. नवरा बोटीवर नोकरीला होता, तो वारून बरीच वर्षं झाली. नाताळानंतर मुलगी त्यांना गोव्याला घेऊन गेली होती आणि घर विकायचं चाललं होतं. चावी माझ्याकडे होती, पण न विचारता उघडणं बरं दिसेना. मी फोन केला.

"बाईनू, माज्यो माश्यो तुमच्या घरात गेल्यो आसत," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "कपाटात तेंचो काळो कोट आसा. पयलो तो बघ."

महिनाभर त्यांच्या कानात गुणगुण चालू होती. डॉक्टरांना कानात काही सापडलं नव्हतं. हे सगळं त्यांनी मग सांगितलं, अगदी सहज.

आतल्या खोलीतलं कपाट अर्धवट उघडं होतं. साड्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एकटा कोट. तो भरलेला दिसत होता. खांदे वर, छाती पुढे, आणि छाती सावकाश हलत होती. मी दारातच थांबलो. तीस वर्षांपूर्वी बाईंचा नवरा असाच, हात खाली सोडून, चर्चच्या पायरीवर उभा राहायचा. बटण काढायला हात पुढे करवेना. शेवटी नारळाची सोडणं, वरची सुकी सालं, पेटवून धूर केला आणि दोन बटणं काढली. आत पांढरीशुभ्र नवी पोळी होती, वर माश्यांचा थर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोळी कापून पेटीतल्या लाकडी चौकटींना बांधली, राणी सापडली, पेटी माझ्या परसात आणली. आज काढणार, हे मी बाईंना कळवलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "दुपारपासना गुणगुण बंद झाली. खंय व्हरलंस तेंका?"

तेंका म्हणजे माश्यांना की आणखी कुणाला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हटलं, माझ्या परसात.

"परत हाड," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, शाळेत फळा पुसायला सांगत तसा.

तसंही रानात गेलेल्या बऱ्याच माश्या त्या फुटक्या काचेकडेच परतल्या होत्या, तेव्हा पेटी तिथे परत आणणं शहाणपणाचंच होतं. असं मी स्वतःला सांगितलं. अंधारायच्या आत पेटी त्यांच्या व्हरांड्यात ठेवून आलो.

आठवड्याभरात बाई एकट्याच बसने आल्या. आता रोज सकाळी पेटीजवळ खुर्ची टाकून बसतात. माश्या त्यांच्या मनगटावरून चालतात, पण चावत नाहीत. मी पेटी तपासायला जातो तेव्हा मला मात्र एखादी हमखास चावते. कानाचं मी कधी विचारलं नाही.

परवा मुलीचा फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालं आहे, आईला जरा समजाव, म्हणाली. मी हो म्हटलं. समजवायला अजून गेलेलो नाही.