बहिणीने दिलेला काढा

नाव मी विचारलं नाही. सुरतेच्या गाडीत नंदुरबारला तो आणि त्याची बायको माझ्यासमोर येऊन बसले. प्रकाशा गावाकडचे शेतकरी. तिला रक्ताचा कॅन्सर, किमोसाठी निघाले होते. गाडी सुटताच त्याने पिशवीतून काढ्याची बाटली काढली आणि तोंड वाकडं करत स्वतःच पिऊ लागला.

मी बघतोय हे पाहून म्हणाला, "हिन्ही मोठी बहीन दर खेपले देस. डॉक्टर म्हने, किमो चालू शे तोवर झाडपाला नको. पन फेकाले मन व्हत नही."

वनस्पतींतले घटक आणि आतड्यातले जिवाणू किमोला हातभार लावतील का, याचा शोध चालू असल्याचं मी कुठेसं वाचलं होतं. मला राहवतंय कुठे, सांगून टाकलं.

"लागू द्या शोध. डॉक्टर हो म्हनी, तवय हिले देसूत. तोवर मन्हं पोट शे ना."

बाटली संपली. खिडकीला टेकून डोळे मिटलेल्या बायकोने तसंच विचारलं, "कसा व्हता आज?"

"आलं जास्त शे."

नवापूर गेल्यावर तिचा फोन वाजला. ती सावरून बसली, आवाजात बळ आणलं.

"हा आक्का, सगळा पी लिधा. आज आलं जास्त टाकं व्हतं ना?"

पलीकडून बहिणीचं समाधानाचं हसणं मलाही ऐकू आलं. तो खिडकीबाहेर चूळ टाकत होता.