दिगंबरची दोन मिनिटं

मी मूळची नांदेडजवळच्या लोह्याची. तेव्हा पोस्टिंग सरहद्दीजवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात, सर्जिकल वॉर्डाची नर्सिंग ऑफिसर म्हणून. सकाळी सहाला रिपोर्ट, सातला ड्रेसिंग, नऊला राउंड. मराठी बोलायला कोणी नाही. एका दुपारी दोन स्ट्रेचर आले. एकावर अहमदपूरकडचा नाईक माणिक, पोटात गोळी. दुसऱ्यावर त्याच्याच सेक्शनचा शिपाई दिगंबर, पायात छर्रे.

"ताई, पाणी द्या," माणिक म्हणाला. लगेच ऑपरेशन होतं, पोटात थेंब चालत नव्हता. मी ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसले. चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला, ऑपरेशन थिएटरच्या दारात.

तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला माणिकच्या गावी, त्याच्या नावाच्या दगडापुढं दिगंबर मेडल लावून दोन मिनिटं सावधान उभा राहतो. रिटायर झाल्यापासून मीही नांदेडहून एसटीनं जाते.

गेल्या वर्षी "सावधान" म्हटलं अन् दिगंबर भर उन्हात आडवाच झाला बघा. नाडी जलद, जीभ कोरडी. बाजूच्या खोलीत नेऊन पट्टा सैल केला, तर आत जाड पॅड.

"कधीपासून?"

"प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तवापासून. दीड वर्ष. खोकलो की लघवी, उभं राह्यलो की लघवी. व्यायाम समदे करून झाले. म्हणून कालपासून पाणीच प्यालो न्हाई, म्याडम."

"अन् फॉलइनमधी, भर रांगेत पडलात, ते शोभलं?"

"पडलेलं चालतंय. माणिकम्होरं ओलं न्हाई."

आधी पाणी पाजलं. ऑर्डरच दिली. मग सांगितलं, "इलाज आहे. गळती थोडी असेल तर स्लिंग, म्हणजे मूत्रनळीला खालून आधार देणारी पट्टी. जास्त असेल तर कृत्रिम स्फिंक्टर. नळीभोवती पाण्यानं भरलेलं कडं, पोटात छोटा फुगा, अन् अंडाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की कड्यातलं पाणी फुग्यात जातं, कडं सैल होतं, लघवी होते. दोन-तीन मिनिटांनी आपोआप आवळतं. इंजेक्शनही असतं, पण पुरुषांना त्याचा गुण टिकत नाही."

"पंप? तिथं?"

"हाव. रायफल सांभाळली, हे जमत न्हाई?"

युरॉलॉजिस्टनी तपासलं. गळती जास्त, म्हणून स्फिंक्टर ठरलं. जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही वर्षांनी बदलावं लागू शकतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं. बसवल्यावर जखम भरेस्तोवर, सहा आठवडे, ते चालू करत नाहीत. तोवर गळत राहतंच. रोज फोन यायचा, रायफलच्याच भाषेत, "म्याडम, सेफ्टी कॅच कवा काढनार?"

यंदा तो सगळ्यांच्या आधी हजर. माणिकच्या वहिनीनं दगड धुतला. तांब्यात निम्मं पाणी उरलं. दिगंबरनं तांब्या मागून घेतला अन् माझ्याकडं बघत पिऊन रिकामा केला. मग फॉलइन. सावधान. दोन मिनिटं.

तो हलला नाही. पँट कोरडी. मी दगडाकडं बघत होते. ऊन चढलं होतं, तरी नावाच्या कोरलेल्या अक्षरांत पाणी अजून होतं. नाईक माणिक.