पाणी सोडून सगळं हाये

मथळा वाचून तुमाले वाटलं असंल, का हा बाप्पा आता भेगाळलेल्या वावरात नेऊन आपल्याले रडवते. नाही रडवत. अन् ज्याईले वाटलं, का अमरावतीकडं काय पाहावं, कुठी राहावं, कोणत्या मैन्यात जावं हे सगळं इथं भेटंल, त्याईनंही लय आशा ठेवू नये. मी आयुष्यात एकच दिवस गाइड होतो. अन् त्या दिवशी जिथं जिथं पाव्हण्याईले नेलं, तिथं पाहण्यासारखं जे होतं, नेमकं तेच नव्हतं.

तसं त्या दुष्काळाच्या वर्षाईत आमच्याकडं पर्यटन जोरात होतं. मुंबई-दिल्लीच्या गाड्या यायच्या, गॉगलवाले पत्रकार उतरायचे अन् इचारायचे, "इथे चांगली भेगाळलेली जमीन कुठे मिळेल?" जसे काही गरम भजे इचारून राहिले. मी त्याईची नक्कल काढायचो. नक्कल हाच माहा धंदा. शाळेत हेडमास्तरची, एसटीत कंडक्टरची, मयतीत त्या घरच्या जवायाची. मार सगळीकडे सारखाच भेटायचा.

तर गोष्ट दादाच्या लग्नाची हाये.

तवा पोरगा शेतकरी हाये म्हटलं, का पोरीचा बाप अर्धा चहा कपात ठेवून उठायचा. शिपाई चालंल, चौकीदार चालंल, संत्र्याचा बगीचेवाला नको. दादाले इतके नकार आले, का मधला माणूस घराकडं यायचं सोडून रस्ता बदलून जाऊन राहिला होता. अन् अशात अकोल्याकडच्या एका घरून निरोप आला. पोरगा पसंत हाये, आता घर पाहाले येतो. घर म्हणजे घर, वावर अन् विहीर. ते पाह्यल्याशिवाय आमच्यात सोयरीक पक्की होत नाही.

इथंच गाडी अडकली. बाबानं सांगून ठेवलं होतं, विहिरीले बारा मैने पाणी. अन् विहीर तं होळीच्या आधीच आटली होती. अर्धा बगीचा तोडून सरपण झाला होता. रस्त्याच्या कडेची एक ओळ तेवढी टँकरच्या पाण्यावर हिरवी ठेवली होती. नटवून ठेवली म्हणा ना.

बाबानं मले बोलावलं. "पाव्हण्याईले अमरावतीहून घे. देवी दाखव, चिखलदरा दाखव, दिवसभर फिरव. दिवस बुडल्यावर घरी आण. बगीचा रस्त्यावरूनच दाखवू. तुह्यं तोंड आज कामाचं हाये, पण विहिरीचं नाव काढशीन तं याद राख."

दादा बाजूलेच होता. तो आपला शर्ट इस्त्री करून राहिला होता. तोच शर्ट, तिसऱ्यांदा.

जीप अचलपूरच्या चाचाची. चाचा संत्र्याचे व्यापारी, आमचा माल दरवर्षी तेच उचलायचे. यावर्षी माल नव्हता म्हणून जीपही रिकामी अन् चाचाही. त्याईले सगळं माहीत होतं. म्हणे, "बेटा, तू बोलता बहुत है. तू घसरला का मी हॉर्न मारतो. हॉर्न बजा का तोंड बंद."

अमरावतीच्या स्टँडवर पाव्हणे उतरले. पोरीचा बाप, उंच, टोपीवाला, बोलाले खमंग. पोरीची माय, बुटकी, हातात रिकामी बाटली. आधी अंबादेवी. ओटी भरली, अन् मी गाइडचा आवाज लावला. "तो देखिए! याच मंदिरातून भगवान कृष्णानं रुक्मिणीले पळवून नेलं! घरच्याईले पत्ताच लागला नाही!"

बाहेरून हॉर्न.

पोरीच्या बापानं बायकोकडं पाह्यलं. बायको बाटली भरून राहिली होती. घोट घेतला अन् म्हणे, "किती गोड पाणी हाये वं माय!"

"म्हणजे आपल्याकडं नाही काय?" बाप घाईनं म्हणे. "आमच्या विहिरीले भर उन्हाळ्यात पाणी राह्यते बरं का. बम पाणी!"

बम पाणीवाल्यांची पोरगी अन् आपली विहीर! मी विषय बदलून छत्री तलाव दाखवला. तलावात पोट्टे क्रिकेट खेळून राहिले होते. पाव्हणे म्हणे, "तलाव कुठी हाये?" मी म्हटलं, "तो काय, मिडविकेटवर." पुन्हा हॉर्न. पाव्हण्यानं चाचाले इचारलं, "रस्त्यावर कुत्रं नाही, तुमी हॉर्न कोणाले मारून राहिले?" चाचा म्हणे, "आदत है भाई."

परतवाडा गेलं, घाट लागला. पाव्हणे अकोल्याचे, म्हणजे दर वळणावर त्याईचा नरनाळ्याचा किल्ला. ही दरी? नरनाळ्याची याच्यापेक्षा खोल. हा किल्ला? नरनाळ्याचे दरवाजे पाहा. ही हवा? बरी हाये, पण नरनाळ्याची! पोरीच्या मायनं इचारलं, सेमाडोहच्या जंगलात वाघ दिसते म्हणते, आपल्याले दिसंल काय? मी म्हटलं, "मावशी, वाघ आपल्याले दिसत नाही. आपण वाघाले दिसतो." अन् वाघाचा आवाज काढला. तिनं चाचाच्या सीटची कड पकडली, मंग इतकी हासली का पदर तोंडात घातला. तिथून आमची पार्टी जमली. पाव्हणेही सैल झाले. कंडक्टर काढ, म्हणे. काढला. पुढारी काढ. काढला. गॉगलवाले काढले तवा तं पाव्हणे मांडीवर थापा मारून राहिले. मले मनातून वाटलं, दादाचं जमलं लेका.

भीमकुंडावर थांबलो. वर काळा खडक, खाली खोल खड्डा, मधात काहीच नाही.

"हा धबधबा," मी म्हटलं.

"पाणी?"

"पाणी सोडून सगळं हाये. कीचकाले मारून भीमानं इथं हात धुतले. यावर्षी आला असता तं तसेच खराब हात घेऊन घरी गेला असता." मंग मी दोन्ही हात तोंडाजवळ नेऊन धबधब्याचा आवाज काढला. पोरीची माय कठड्याले रेलून डोळे मिटून आयकत राह्यली. म्हणे, "अजून पाड रे थोडं." मी गाल दुखेपर्यंत पाणी पाडलं. हॉटेलात कॉफी आली तं तिनं कॉफी बाजूले सारली, अन् नुसतं पाणीच मागवलं. एक गिलास, अजून एक गिलास. पाव्हणे तिले कोपर मारून राहिले. मले वाटलं, बाईले ऊन लागलं असंल.

शेवटी पंचबोल. तिथं दरीत आवाज दिला का दरी तोच आवाज पाच वेळा वापस देते. लोकं आपआपलं नाव ओरडतात. पाव्हण्यानं "नरनाळा!" म्हणून आवाज दिला अन् दरीनं पाचही वेळा मान्य केलं. मोठे खूश. चाचा लांब टपरीवर चहा पेऊन राहिले होते, जीप तिथंच.

"सगळ्याईचे काढले," पाव्हणे म्हणे, "आता तुह्या बाबाचा काढ. पाहू बरं, आमचे सोयरे कसे हायेत."

आता बाबाची नक्कल म्हणजे आमच्या घरचा हिट आयटम. माय तं रोज जेवण झाल्यावर काढाले लावायची. मी कायचाच इचार केला नाही. इचार केला का नक्कल होत नाही. दुपट्टा खांद्यावर टाकला, एक पाय ओढत चाललो, कठड्याशी आलो, खाकरलो. कमरेवर हात ठेवून वाकलो, एक खडा उचलला. दरीकडं हात लांब करून सोडल्यासारखं केलं, कान तिरपा केला. अन् तोंडानं आवाज काढला. टण्ण. टण. टण. मंग बाबाचा तो लांब सुस्कारा, अन् बाबाचं रोजचं वाक्य, बाबाच्याच आवाजात:

"उद्या पाहू."

दरी म्हणे, उद्या पाहू. उद्या पाहू. उद्या पाहू. उद्या पाहू. उद्या पाहू.

मी हासत वळलो. हासणारा मी एकटाच होतो.

पाव्हण्यानं शांतपणे इचारलं, "विहीर कोरडी हाये काय रे?"

आता टपरीकडून हॉर्न सुरू झाला. चाचानं लांबून माह्यं वाकणं पाह्यलं होतं. ते हॉर्न सोडूनच नाही राहिले. पंचबोलवर एका हॉर्नचे पाच होतात हे मले तवा समजलं.

घाट उतरू लागलो. नरनाळासुद्धा निघाला नाही. चाचा आरशात माह्याकडं अशे पाहत होते, जसं सडलेलं संत्र पेटीतून काढून राहिले.

घरी पोहोचलो तवा दिवस बुडाले अजून वेळ होता. तोही घोटाळाच. बाबा नवा सदरा घालून दारात, मांगं इस्त्रीचा दादा. पाव्हणे चपला न काढता म्हणे, "आधी विहीर दाखवा."

बाबानं माह्याकडं पाह्यलं. मी चाचाकडं. चाचानं आभाळाकडं.

विहिरीच्या काठावर पाव्हण्यानं खडा उचलला अन् टाकला. टण्ण. टण. टण. खरं सांगतो, मी काढला होता तसाच. दादा तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर नजर लावून उभा.

तेवढ्यात पोरीची माय पुढं आली. "आता तुमीही सांगा ना," नवऱ्याले म्हणे. "बम पाणी, बम पाणी करता सकाळपासून."

पाव्हण्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "आमच्या विहिरीत खडा टाकला तं डुबुक वाजते," ते म्हणे. "पण आमच्या भागातलं पाणी खारं. ढोरं तोंड लावून वापस येतात. जवाई घरी आला तं त्याले चहा कोणत्या पाण्याचा पाजावा, या फिकरीत मी मैन्याभरापासून हाये."

"म्हणून म्या सगळीकडं बाटली भरली," ती म्हणे. बाटली तिच्या हातातच होती. तिनं ती दादाच्या हातात दिली. "च्या ठेवाले सांगा. याच पाण्याचा."

बाबाले हासू आलं का ठसका, ते मले आजही सांगता येत नाही. त्या दोन आवाजाची नक्कल मले एकसारखीच जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाची जीप पाव्हण्याईले घेऊन वळणाआड गेली, अन् बाबा माह्याकडं वळले.

"भैताडा! विहिरीचं नाव काढू नको म्हटलं होतं ना तुले?"

"नाव कुठी काढलं, बाबा? आवाज काढला."

"दात काढू नको! माह्या व्याह्यासमोर माही नक्कल? पाय ओढत चालतो काय मी? अन् खाकरतो? असा खाकरतो?" असं म्हणून ते खाकरले. तस्सेच. दादा तोंड फिरवून घरात पळाला. "तू हास रे तिकडं, तुह्यं जमलं म्हणून! अन् तू आयक, पोट्ट्या. लग्नात माइकच्या जवळपास जरी दिसला ना, तं वरातीच्या मांगं लंगडत जाशीन. मंग काढजो नक्कल पाय ओढण्याची!"