हेडरपासून दोन बोटं लांब

जुनी जीप पाळणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. परसात भंगार साठतं, तसे ते आपोआप साठतात. एखादा पाना हरवेल, पण किस्सा हरवत नाही, कारण तो जपायला मित्र असतात. इस्लामपुरात माझं औषधाचं दुकान आहे, पण गाव मला ओळखतं ते "जीप ढकलणारे मेडिकलवाले" म्हणून!

आमचं मंडळ तिघांचं. एक बंडा मिस्त्री, ज्याच्या गॅरेजात दर रविवारी आमचा अड्डा जमतो. दुसरे फौजीकाका. लष्करात गाड्या चालवून निवृत्त झाले, पण अजून भेटेल त्याला जवानच समजतात. तिसरा मी. माझी बायको सुलभा मंडळात नाही, पण मंडळाची प्रत्येक भानगड फिरून फिरून तिच्याच दारात येते.

सगळ्याचं मूळ म्हणजे हेडर. जीपच्या इंजिनातला धूर बाहेर नेणारा मूळचा बिडाचा ठोकळा मी काढला आणि सांगलीच्या एका कारागिराकडून चार वाकड्या पायपांचा हेडर करवून तिथं बसवला. आवाज एवढा खणखणीत आला, की मी दुकान सोडून बाजारपेठेत फेऱ्या मारत सुटलो. अडचण एकच होती. हे पाईप तापून निखारा होतात आणि इंजिनाला ठिणगी देणाऱ्या प्लगच्या चार रबरी वायरी नेमक्या त्यांच्या कडेनं जातात. तिसऱ्या फेरीत एक वायर वितळली. चौथी फेरी मी ढकलत पूर्ण केली!

*

बंडानं नवी वायर घातली आणि मला ताकीद दिली, "दादा, येक ध्यानात ठेवा. वायर आन् हेडर, मधी दोन बोटं जागा पायजेच. अधनंमधनं बघत जावा."

मी आज्ञाधारक माणूस. दुसऱ्याच दिवशी पेठनाक्यापर्यंत चक्कर मारून आलो, बोनेट उघडलं आणि अंतर मोजायला वायर आणि हेडर यांच्यामध्ये दोन बोटं घातली.

जागा दीडच बोटाची होती. मला ते ताबडतोब कळलं!

संध्याकाळी दुकानात एक आजी आल्या. भाजल्यावरचं मलम हातात घेऊन उलटंपालटं करत म्हणाल्या, "आवं, ह्येनं गुण येतोय का?"

मी पट्टी बांधलेली दोन बोटं वर केली आणि म्हटलं, "उद्या सांगतो, आजी."

*

मग मी स्वतःच डोकं चालवायचं ठरवलं. चारही वायरी एकत्र घेतल्या, वेणी घालावी तशा गुंडाळल्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून हेडरपासून लांब नेल्या. एवढं सुबक काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, म्हणून मी फोटोही काढला.

जीप चालू केली. एका वायरीची ठिणगी शेजारच्या वायरीत शिरायला लागली आणि एसटी स्टँडसमोर सायलेन्सरमधून असा बार निघाला, की बसची वाट बघणारी रांगच्या रांग खाली बसली. मीही बसलो. स्टेअरिंगच्या खाली!

फौजीकाकांनी बोनेट उघडून माझी वेणी पाहिली.

"गड्या," ते म्हणाले, "खांद्याला खांदा लावून जवान हुबं करायचं असत्यात. वायरी न्हाईत!"

*

एका रविवारी जीप अडखळायला लागली. कुठली तरी एक वायर हेडरला टेकून भाजली होती आणि तिथून ठिणगी बाहेर पळत होती. कुठली ते दिसत नव्हतं. बंडा पाना शोधत होता. फौजीकाका म्हणाले, "हात लावू नका." ते मला म्हणत होते हे माझ्या लक्षात यायला जरा उशीर झाला.

माझा हात वायरीवर आणि कोपर बोनेटच्या पत्र्यावर. विजेचा असा झटका बसला, की मी जी बोंब ठोकली, ती समोरच्या उसाच्या गुऱ्हाळापर्यंत गेली. रसवाला ग्लास घेऊन पळत आला.

बंडा शांतपणे म्हणाला, "दोन नंबरची हाय म्हना की. मीटर घरी इसरलो व्हतो, पर तुमी हाय तर मीटर कशाला पायजे?"

*

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग मेढ्याचं लग्न आलं.

सुलभाच्या भावाच्या मुलीचं लग्न. आम्ही जीपनंच जायचं असा हट्ट माझा. वायरी हेडरला टेकू नयेत म्हणून मी त्या आदल्या दिवशी तारेसारख्या ताणून बसवल्या होत्या. पण चढाला इंजिन आपल्या जागी हलतं आणि वायरीला थोडी ढील लागते, हे मला कुठं ठाऊक! मेढ्याच्या अलीकडच्या चढावर वायर प्लगवरून उपटून निघाली, हेडरवर पडली आणि माझ्या डोळ्यांदेखत वितळली. अक्षतांची वेळ जवळ आली होती. सुलभानं पैठणीचा पदर खोचला, मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोला हात केला आणि कॅनच्या मध्ये उभी राहून निघून गेली.

मांडवात भावानं विचारलं, "अगं, जीप कुठाय? आन् दाजी?"

"येतायत की मागनं," सुलभा म्हणाली, "दोघंबी चालत!"

हा किस्सा ती आजही इतका रंगवून सांगते, की लोकांना वाटतं टेम्पोतून जाणं हाच त्या लग्नातला मुख्य विधी होता.

परतताना फौजीकाकांनी एसटीनं पाठवून दिलेली वायर बसवली, तर तीही हेडरकडं झुकायला लागली. सुलभा उतरली. लग्नातले लाडू बांधून दिलेल्या पिवळ्या फडक्याची पट्टी टरकन फाडली, वायर वर उचलून बांधली आणि गाठ मारली. जीप थेट घरापर्यंत आली. सुलभाला सुरगाठ माहीत नाही. पिठाची पिशवी असो नाहीतर लोणच्याच्या बरणीचा दादरा, ती एकच गाठ मारते. गाठीवर गाठ, तिच्यावर पुन्हा उलटी गाठ. ती आमच्या घरात कुणालाही सुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बंडानं घरी येऊन त्या गाठीला पक्कड लावली, दात लावले, शेवटी ब्लेड मागवलं.

"वयनी," तो म्हणाला, "ही गाठ हाय का वेल्डिंग?"

"ते ऱ्हाऊ द्या," सुलभा माझ्याकडं बघत म्हणाली. "आता परत एकदा ही रस्त्यात बंद पडली, की इकायची. बंडाभावजी, तुमी साक्षीदार."

*

मी लय जपलं. प्रत्येक वायर वेगळ्या क्लिपेत, दोन बोटं लांब, थोडी ढील ठेवून. पण कोयनानगरला सुलभासह फिरायला गेलो असताना मला करपल्याचा वास आला. वास टपरीवरच्या भज्यांचा होता, हे नंतर कळलं. मी मात्र टपरीसमोरच सगळ्या वायरी उपसल्या, त्यांच्यावर उष्णता अडवणाऱ्या नळ्या चढवल्या आणि दोन नंबरची वायर तीनला, तीनची दोनला लावून मोकळा झालो.

जीप चालू होताच अशी थरथरायला लागली, की टपरीतल्या बरण्या वाजल्या.

टपरीवाला कपबश्या धरत ओरडला, "सायेब, भूकंपाचं आमाला काय वाटत न्हाई. त्यो थांबतो तरी!"

तीही थांबली. कायमची वाटावी अशी थांबली. आम्ही एसटीनं इस्लामपूरला आलो आणि बंडानं जीप ओढून आणली. वाटेत सुलभा खिडकीशी बसून खुशाल झोपली. बोलायचं होतं ते आधीच बोलून झालं होतं.

*

गिऱ्हाईकही तिनंच शोधलं. तासगावचे एक द्राक्षबागायतदार, जुन्या गाड्यांचे शौकीन. रविवारी सकाळी येतो म्हणाले. बंडानं वायरी एकदम ठाकठीक करून दिल्या होत्या. इतकी गुणी जीप मी कधी पाहिली नव्हती. अर्ध्या सेल्फला चालू, आवाज खणखणीत, अडखळणं नावाला नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. जीप विकायची नव्हती, आणि दिलेला शब्दही मोडायचा नव्हता.

सकाळी मी अंगणात आलो, तर सुलभा फडकं घेऊन जीप पुसत होती. "गिऱ्हाइकाला बरी दिसाया पायजे," म्हणाली. ती आत गेल्यावर मी बोनेट हळूच उचललं. एवढी वर्षं चुकून केलं, ते पहिल्यांदाच ठरवून केलं. दोन नंबरची वायर क्लिपेतून काढून हेडरवर टेकवली, आणि कुणी बघायच्या आत बोनेट लावून टाकलं.

बागायतदार आले. जीपभोवती फिरले, खूश झाले, चावी घेऊन मोठ्या रस्त्याला गेले. परत आले ते उड्या मारतच. धूर, रबराचा वास, बार! दारात येऊन जीप मेली. मला वाटलं होतं जराशी अडखळेल. एका वायरीनं एवढा तमाशा होत नाही.

"न्हाई पावणं," ते घाम पुसत म्हणाले, "ह्ये जनावर तुमालाच लखलाभ." आणि गेले.

आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बोनेटखाली डोकं घातलं. दोन नंबरची वायर मी ठेवली तिथंच होती, वितळलेली.

चार नंबरचीही वितळली होती. ती टेकली नव्हती. हेडरला चक्क बांधली होती. लाडवाच्या पिवळ्या फडक्याची पट्टी काळी पडली होती, पण गाठ शाबूत होती. गाठीवर गाठ, आणि तिच्यावर पुन्हा उलटी गाठ.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आवं, गेलं का गिऱ्हाईक? च्या टाकू?"

"टाक," मी म्हटलं. "आणि येताना ब्लेड घेऊन ये."