चेन पडायची जागा

माझी सायकल कुठल्याही एका कंपनीची नाही. फ्रेम एकीची, चाकं दुसरीची, हँडल तर कुठल्या सायकलचं होतं ते देवाला ठाऊक. माझ्या यजमानांचं नांदेडात आमच्या वस्तीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या उरल्यासुरल्या सामानातून त्यांनी ती मला जोडून दिली, त्याला वीसेक वर्षं झाली. मी विष्णुपुरी धरणाच्या बाजूला एका शाळेत कारकून आहे. बरोबरीच्या सगळ्या बाया स्कूटीवर गेल्या, मी सायकलवरच राहिले. कुणी विचारलं तर व्यायामाचं कारण सांगते. खरं कारण असं की सायकलवर बसलं की माझं मन भरकटतं, आणि असल्या बाईनं स्कूटी चालवली तर रस्त्यावरच्या लोकांचं काही खरं नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची पकड गेली. दुकान बंद करावं लागलं. तेव्हापासून माझा घरातला सगळा वेळ ह्यांचा झाला. गोळ्या, शर्टाची बटणं, हातात दाबायला दिलेला रबरी चेंडू, आणि दर पाच मिनिटांनी "अगं, कुठं गेलीस?" मी मनापासून करत होते. पण पार बेजार झाले होते, हेही तितकंच खरं.

त्याच सुमारास सायकलची चेन पडायला लागली. जुनी होऊन लांबली होती. परतीच्या वाटेवर जिथून धरणाचं पाणी दिसतं, तिथं एक चढ आहे. पायांनी जोर लावला की खट्कन चेन खाली. रोज, तिथंच. मग सायकल बाभळीला टेकवायची, काडीनं चेन उचलून पुढच्या चक्राच्या दातांवर धरायची आणि पेडल हातानं उलटं फिरवायचं. काम पाच मिनिटांचं. पण दम लागलेला असायचा, म्हणून मी घटकाभर दगडावर टेकायचे.

त्या दगडाचं मी काय सांगू? समोर गोदावरीचं अडवलेलं पाणी, वाहतंय की थांबलंय ते कळू न देणारं. संध्याकाळचं ऊन त्यावर पसरलं की पलीकडचा काठ असून नसल्यासारखा व्हायचा. पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मी बघत राहायचे आणि हळूहळू माझं वयच पुसलं जायचं. कधी मी माहेरी उदगीरला असायचे, स्टेशनाजवळच्या घरी, आणि आई अर्ध्या कानडीत गाडीला शिव्या घालत असायची. कधी मी कुठल्यातरी अनोळखी गावात राहणारी बाई असायचे, जिची घरी कुणीच वाट बघत नाही. तिला नाव नसायचं. ती नुसती बसलेली असायची. तिचा मला हेवा वाटायचा, आणि मग मी भानावर येऊन घाईघाईनं पेडल मारायचे.

घरी पोचले की उशिराचं कारण तयारच असायचं: चेन पडली. एका रविवारी ह्यांनी दुकान बंद करताना पोत्यात भरून ठेवलेले पाने काढले. मला मदत करू दिली नाही, फक्त हँडल धरून ठेवायला सांगितलं. डाव्या हातानं पाना लावायचा आणि उजव्या हाताचं नुसतं ओझं त्यावर टाकायचं. चेनच्या दोन कड्या काढल्या, मागचं चाक ओढून सरळ बसवलं. एरवी अर्ध्या तासाच्या कामाला दुपार झाली. घामानं बनियन भिजलं होतं.

सोमवारी मी चढाला लागले आणि सायकल गुमान वर चढली. चेन पडली नाही. मंगळवारीही नाही. मी साडेपाचलाच घरात. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खुशीत मान हलवली. मला मात्र कुणीतरी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं झालं.

बुधवारी मी चढावर आपणहूनच उतरले. निवांत बसले. निघताना चेनवरून दोन बोटं फिरवून काळी करून घेतली, आणि घरी येऊन म्हणाले, "आज पुन्हा पडली."

असं तीन महिने चाललं. ह्यांनी आधी दोनदा पुन्हा पाने काढले, चाक पुन्हा ताणून पाहिलं. मग काढायचे थांबले. मला वाटलं, कंटाळले असतील. चला, बरं झालं.

मग एका सुट्टीच्या सकाळी दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं. मी आत भाकरी थापत होते. "मिस्त्री, तेवढा ब्रेक बघता का?" त्यानं विचारलं.

"न्हाई हो, दुसरीकडं न्या," ह्यांचा आवाज आला. "घरच्या सायकलची चेन बसंना मला. रोज पडायली तिची. आता ह्या हातात काई राहिलं न्हाई." गिऱ्हाईक गेल्यावर मला हाक मारून म्हणाले, "भंगारवाला आला की ते पाने देऊन टाक."

तव्यावर भाकरी जळाली. माझी मलाच अशी लाज वाटली की तोंड लपवावंसं वाटलं. मी हात पुसत बाहेर आले.

"चेन पडत न्हाई," मी म्हणाले.

"आज सुट्टी हाय. आज कशी पडंल?"

"तुमी बसवली तवापासून एकदा बी पडली न्हाई."

 ते उठून सायकलपाशी गेले, स्टँडवर लावली, आणि पेडल फिरवत चेन बघत उभे राहिले.

"खड्ड्यात बी न्हाई?"

"न्हाई."

"चढावर?"

"चढावर बी न्हाई."

त्यांनी उजवा हात वर करून उलटसुलट पाहिला. चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलंय. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात ते म्हणाले, "मंग उशीर कामून होत होता?"

आता पुन्हा खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "तिथं पाण्यापाशी बसते. लगेच घरी यावं वाटत न्हाई."

"माझ्यामुळं?"

"हाव."

चाक फिरत राहिलं. त्यांनी ते डाव्या हातानं थांबवलं.

"मला बी ने एकदा तिथं."

"न्हाई," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं झटकन निघालं की मीच दचकले.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बरं. मंग उद्यापासनं चहा मी करून ठेवीन. मला वेळ लागंल. तू साडेसहाच्या आत येऊ नको."