जिनिंगमधली पिवळी रेषा

मंगलचा पदर शाफ्टला गुंडाळला गेला होता आणि शाफ्ट फिरत होता. ती गुडघ्यावर आली होती. गळ्याभोवती पदराचा पीळ बसला होता आणि एका हाताने ती तो सैल करायला बघत होती. तोंड उघडं, आवाज नाही. रामसनेही तिच्यापासून दहा पावलांवर चाकू घेऊन उभा होता. त्याच्या पायापुढे पिवळी रेषा होती. तो मंगलकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी मशीन बंद करायच्या बटनाकडे पळत होते. साठी उलटलेली बाई किती पळणार? आणि बटन दाबलं तरी शाफ्ट लगेच थांबत नाही. वेगात असतो, आणखी बऱ्याच फेऱ्या घेतो. गळ्याला तेवढ्या फेऱ्या पुरतात.

तो का थांबला होता, ते आधी सांगते.

मी जिनिंगमध्ये मुकादम होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. जी राहते ती रुई. रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गठाणी बांधतात. बायका कापूस पुढे सारतात, कवडी म्हणजे किडका कापूस आणि कचरा वेचतात, झाडून घेतात. प्रेसवर बिहारची माणसं असतात. शाफ्ट म्हणजे सगळ्या जिनांच्या, सरकी काढणाऱ्या मशीनच्या, मागून जाणारा लांब लोखंडी दांडा. त्याच्यावरून पट्टे जातात आणि जिना चालतात. त्याच्यावर जाळी असावी लागते. आमच्याकडे ती साफसफाईला म्हणून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. ती तिथेच राहिली. मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मॅनेजरसाहेब म्हणाले, "बघू."

कारखान्याचं नाव सांगत नाही. पेडगावहून आम्ही टेम्पोने जायचो. टेम्पोत मराठ्यांच्या बायका पुढे, आम्ही बौद्धांच्या मागे, आणि मुसलमानांच्या तिघीजणी फळीवर. कुणी बसवलं नव्हतं. सवयीने बसायचो.

मंगल नवी सून. सासू जनाबाई आमच्याच लाइनीला होती, तिनेच तिला कामाला आणलं. एका दुपारी मंगल कापसाच्या ढिगावरून घसरली, थेट पट्ट्याच्या दिशेने. रामसनेही प्रेसवरून पळत आला आणि तिला दंडाला धरून ओढलं. एवढंच. संध्याकाळी मंगलचा दीर दोन जणांना घेऊन गेटवर आला आणि रामसनेहीच्या कानफटात दिली.

"आमच्या बायकांना हात लावतो का रे?"

जनाबाई बाजूला उभी होती. त्याने तिचा जीव वाचवला, हे मीच बोलले. दीर मला म्हणाला, "तुमी मधी पडू नका, कांताबाई. हे तुमच्यातलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी रंगाचा डबा आणवला. शेडच्या मधोमध पिवळी रेषा मारली. इकडे बायका, तिकडे पुरुष. कुणी ओलांडायची नाही.

"साहेब, पदर अडकला तर रेषा सोडवंल का?"

"कांताबाई, मला भांडण नको. ज्याचे त्याचे संस्कार असतात."

ज्याचे त्याचे संस्कार, हे मी आयुष्यभर ऐकत आले. हे बोलणारा माणूस बहुतेक वेळा जाळी बसवायचं टाळत असतो.

आधी एकदा शहरातून एका संस्थेच्या मॅडमही आल्या होत्या. बॅनर लावला, "आपण सारे एक" म्हणाल्या, सगळ्यांना केळी दिली. आम्ही केळी खाल्ली. एक झालो नाही.

म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गठाणींच्या सावलीत बसवलं. बिहारचे चौघेही आले. मॅनेजरसाहेब दारात येऊन म्हणाले, "मीटिंग घ्यायला कुणी परवानगी दिली?"

मी म्हणाले, "भाकर खायला परवानगी लागती का?"

ते गेले.

मी विचारलं, "मशीनमधी बाई अडकली आन् जवळ फकस्त परका पुरुष हाय. त्यानं काय करायचं? प्रत्येकानं आपापल्या घरचं सांगा. दुसऱ्याचं सांगायचं न्हाई."

जनाबाई पहिली बोलली. "आमच्यात चालत न्हाई. परक्यानं हात लावलेला चालत न्हाई."

"तुझ्या लेकीचं सिझर पुरुष डाक्टरनं केलं. ते चाललं?"

"ते डाक्टर हाय."

"ह्या रामसनेहीच्या हातात बी चाकूच हाय."

बायका हसल्या. जनाबाई चिडली. "तुला काय जातंय बोलायला? तुमच्यात सगळंच चालतंय."

मी ताट बाजूला ठेवलं. तिला चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात कौसर बोलली. कौसर म्हणजे फळीवर बसणाऱ्या तिघींमधली मोठी.

"कांताबाई, तुमी बी सांगो ना अपने घर का. बिहारवालों को अलग नळ किसने दिखाया?"

मीच दाखवला होता. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणाले होते, ही गुटखा खाणारी माणसं, आमच्या टाकीला यांनी हात लावायचा नाही, यांना मागचा नळ. माझ्या आईला गावातल्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. ती खाली उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. आजोबांनी दीक्षा घेतली ती याच्यातून सुटायला. आणि मी त्याच घरातली, चौघांना वेगळा नळ दाखवून मोकळी झाले होते. मला ते तोपर्यंत तसं दिसलंच नव्हतं. गुटख्याचं कारण चांगलं होतं ना.

"मीच दाखवला," मी म्हणाले. "चुकलं माझं. आता तू सांग तुझ्या घरचं."

कौसर म्हणाली, "हमारे में बी गैरमर्द को छूते नै. पर मेरी खाला की बेटी बावडी में गिरी, तो बाजू के शेतवाला कूदा. बालां पकड को ऊपर लाया. हमारे बुजुर्गां कुछ नै बोले. जान का मामला था ना."

मग रामसनेही. त्यांच्याकडे वहिनीला चुकून हात लागला तरी माफी मागतात, म्हणाला. पण गावात नदीचा पूर आला तेव्हा त्याच्या आईला एका माणसाने वेणीला धरून नावेत ओढलं. "जिनके हाथ का पानी नहीं पीते थे, माई, उन्होंने खींचा."

मी विचारलं, "मग नंतर त्यांच्या हातचं पाणी प्यालात का?"

तो म्हणाला, "नहीं, माई."

तो खोटं बोलला असता तर मी तिथेच उठले असते. प्यायलो, गळाभेट घेतली, असं सांगणं सोपं होतं. तो खरं बोलला, म्हणून पुढचं बोलणं झालं.

कारण आता सगळ्यांना दिसत होतं. नियम प्रत्येकाचा वेगळा होता. पण जीव जायची वेळ आली की नियम बाजूला ठेवायचा, हे प्रत्येकाच्या घरात आधीच झालेलं होतं. जनाबाईकडे दवाखान्यात, कौसरकडे विहिरीत, रामसनेहीकडे पुरात. फक्त ते कुणी दुसऱ्यासमोर कबूल केलं नव्हतं. आपल्यापुरतं ठेवलं होतं.

मी म्हणाले, "मग तेवढंच ठरवू. बाकी ज्याचं त्याच्यापाशी."

एक बाई म्हणाली, "पण त्याला कळंल कसं? मशीनच्या आवाजात वरडलेलं ऐकू येत न्हाई."

"आन् गळाच आवळला तर वरडणार कोण?" दुसरी म्हणाली.

त्यावरही बरंच बोलणं झालं. शेवटी कौसर म्हणाली, डोक्यावर हात मारायचा. ते सगळ्यांनाच येतं, शिकवावं लागत नाही. बाईने डोक्यावर हात मारला की जवळ असेल त्याने सोडवायचं. ओढायचं, कापायचं, लुगडं फेडावं लागलं तर फेडायचं. नंतर कुणी विचारायचं नाही.

रामसनेही म्हणाला, "माई, पहले सब लोग अपने मुँह से बोलें. मुझे फिर थप्पड़ नहीं खाना."

बरोबर होतं त्याचं. एकेक बाई त्याच्यासमोर बोलली. "मला सोडवायला हात लाव." काहीजणी लाजल्या, काही हसल्या. एकीने "लाव रे बाबा, पण साडी नवी असली तर जपून काप" म्हणून सांगितलं. कौसर बोलली. मीही बोलले.

मंगलचा नंबर आला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात जनाबाई म्हणाली, "ती न्हाई बोलणार. चल गं, डबा उचल."

मंगल डबा उचलून सासूमागे गेली. दोघींनीही शब्द दिला नाही.

आता परत त्या दुपारी येते. अकरा-बारा दिवसांनी. आम्ही सगळ्याच तोंडात रुईचे तंतू जाऊ नयेत म्हणून पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळायचो. मंगलही तसंच करायची. जिनामागे झाडताना ती वाकली, पदराचं टोक सुटलं आणि उघड्या शाफ्टला लागलं.

रामसनेही रेषेपाशी थांबला तो याच्यासाठी. सगळ्या बायकांमध्ये दोघींनीच परवानगी दिली नव्हती, जनाबाईने आणि हिने. आणि याच बाईपायी त्याने मार खाल्ला होता. मी पळता पळता ओरडले, पण माझा शब्द तिच्यासाठी चालणार नव्हता. ते आम्हीच ठरवलं होतं, ज्याचं त्याने बोलायचं.

मंगलने एक हात पदरातून सोडवला आणि डोक्यावर मारला. एकदा. मग पुन्हा, पुन्हा. त्या दिवशी ती मान खाली घालून बसली होती, पण तिने सगळं ऐकलं होतं.

रामसनेहीने रेषा ओलांडली. गठाणीचं कापड कापायचा वाकडा चाकू होता त्याच्याकडे. त्याने तिच्या हनुवटीखाली हात घातला, पदर आणि गळा यांच्यामध्ये बोटं सरकवली आणि बोटांवरूनच कापलं. कापड सुटलं तसं शाफ्टने ते खेचलं. त्याचा दुसरा हात त्यात गेला. तेवढ्यात मी बटनापाशी पोचले.

शाफ्ट थांबला तेव्हा मंगल जमिनीवर पडून खोकत होती. तिच्या अंगावर अर्धं लुगडं होतं. कौसरने खुंटीवरचा स्वतःचा बुरखा काढला आणि तिच्यावर टाकला. मंगलला त्याच बुरख्यात दवाखान्यात नेलं, आणि हाताला फडकं गुंडाळून रामसनेहीलाही.

दीर आला. त्याला कुणीतरी फोन केला असणार. गेटवर तो रामसनेहीचं नाव घेऊन ओरडायला लागला. जनाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तिनं डोक्यावर हात मारला. म्या बघितलं."

"म्हंजी काय?"

"तुला न्हाई कळायचं. ते आमचं ठरलंय."

आमचं, म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत तिने काहीच ठरवलं नव्हतं, उठून गेली होती. मी तिला ते बोलून दाखवलं नाही. माझ्या स्वभावात बसत नाही, पण नाही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की संबंधित महिला निष्काळजीपणे वागली आणि प्रेसवरील कामगाराने मनाई असताना रेषा ओलांडली. खाली मुकादमाच्या सहीची जागा.

"सही करा, कांताबाई."

"जाळीचं कुठं लिहिलंय?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"मी चौथी शिकले, साहेब. वाचता येतं म्हणून सही करणार न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नका."

"आजच बघा ना काय व्हतंय ते."

मी बाहेर आले, शेडच्या मध्ये, बरोबर पिवळ्या रेषेवर उभी राहिले आणि डोक्यावर हात ठेवला. कौसरने ठेवला. मग एकेकीने. जनाबाईने सगळ्यात शेवटी, इकडेतिकडे बघून. प्रेसवरच्या तिघांनी काय करायचं ते त्यांना माहीत होतं. बाई डोक्यावर हात मारते तेव्हा जवळचा माणूस सोडवतो. त्यांनी जाऊन मशीनचं बटन बंद केलं, आणि कुणी परत चालू केलं नाही.

भिंतीला टेकवलेली जाळी दुपारी चारच्या आत बसली. कागद परत समोर आला नाही. मला कुणी घरी पाठवलं नाही. पुढच्या दोन हंगामांनंतर गुडघ्यांनी ऐकलं नाही म्हणून मी स्वतःहून काम सोडलं.

आता कुणी मला विचारतं, वेगवेगळ्या रीतीच्या माणसांनी बसून बोललं तर सगळ्यांचं एक मन होतं का? होत नाही. जनाबाई आजही रामसनेहीच्या हातचा चहा घेत नाही. त्याच्या गावातही पाण्याचं काही बदललं नसेल. मागचा नळ मी स्वतः बंद केला, पण गुटख्याचा राग अजून येतो. बोलून आमचं एवढंच झालं, की एका गोष्टीत कुणाला थांबून विचारावं लागू नये. पण ते सगळ्यांसमोर बोलावं लागतं, तोंडाने, ज्याचं त्याने. आणि जाळी बसवावी लागते. बोलणं हे जाळीच्या बदल्यात नसतं.

मंगल जगली. गळ्यावर वळ आहे, आवाज थोडा बसका झाला. रामसनेहीची दोन बोटं गेली. तोही जगला.