डासांच्या मॅडम

"थांबा, बसू द्या तिला."

मी माझ्याच दंडावर हात उगारला होता आणि मॅडमनी तो वरच्या वर धरला. ओळख होऊन घटकाही झाली नव्हती. मी शेणव्याची आशा कार्यकर्ती. त्या डासांचा अभ्यास करायला आलेल्या; त्यांना घरं दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांनी पिशवीतून काचेची नळी काढली, तिला जोडलेली रबरी नळी तोंडात धरली आणि सुर्रकन श्वास ओढला. डास आत! मला वाटलं, गिळलाच.

"मध्ये जाळी असते हो ताई," त्या हसल्या. "आणि ही मादी. चावतात त्या सगळ्या बायकाच."

डासांसाठी येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पाठीला फवारणीचा पंप लावलेली. या मात्र मुरबाडला खोली घेऊन राहायच्या, सकाळच्या जीपने यायच्या आणि डासांची जणू विचारपूस करायच्या. करवंट्या, जुने टायर, बांबूची पोकळ खुंटं, सगळीकडे वाकून बघायच्या. अळ्या दिसल्या की म्हणायच्या, "अरे वा!" दुसऱ्याच्या पिंपातल्या अळ्यांना दाद देणारी बाई गावाला नवीनच होती.

एकदा ओट्यावर बायका जमल्या, तेव्हा त्यांनी समजावलं. कितीतरी किड्यांच्या अंगात एक जिवाणू सुखानं राहतो. घरात डेंग्यू पसरवणाऱ्या डासात तो सहसा नसतो; पण प्रयोगशाळेत घातला, तर त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. काही देशांत असे डास सोडले आहेत.

"मंग हितं पन सोडा ना," कुणीतरी म्हणालं.

"इथे अजून नाही. इथल्या कुठल्या डासात तो आपसूक आहे, एवढंच मी बघतेय."

"पन एकेका डासात कवा घालीत बसनार?" जनाकाकूंनी विचारलं.

"सगळ्यांत नाही घालावा लागत. आईकडून अंड्यांत उतरतो."

"म्हंजे इरजण गो! कालच्या दह्यानं आजचं दही."

मॅडम एवढ्या खूश झाल्या की पुढे प्रत्येक घरी विरजणच सांगू लागल्या.

त्यांना एकच कोडं होतं. "भातसा धरण इतकं जवळ, मग घरोघरी पिंपं कशाला?" बायका खो खो हसल्या. धरणाचं पाणी मुंबईला जातं. आमच्या नळाला येईल तेव्हा भरून ठेवायचं.

मग गावात डेंग्यू आला. गणपतदादांच्या नातीला शहापूरला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दादा वाटेत आडवे उभे राहिले.

"बाटलीत काय हाय? तुमीच सोडता ना डास?"

मी मध्ये पडणार होते, पण मॅडम तिथेच खाली बसल्या आणि त्यांनी पिशवीतल्या सगळ्या बाटल्या मांडल्या. डास मेलेले, स्पिरिटात बुडवलेले. दादांनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. मग आवाज खाली आला.

"तुमच्या त्या जंतूनं माजी पोर बरी व्हईल?"

"नाही काका." गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमलं असतं. "तिला डॉक्टरच बरं करतील. तुमचं पिंप कुठंय?"

परसात जाऊन त्यांनी पिंप आडवं केलं, बाह्या वर सारल्या आणि काथ्यानं आतून घासायला लागल्या. "अंडी कडेला चिकटतात. नुसतं पाणी ओतून जात नाहीत." दादा जवळ आले. मग त्यांनी मॅडमच्या हातातून काथ्या घेतला.

नात घरी आली तेव्हा मॅडम पेरू घेऊन आल्या होत्या. ती त्यांच्या भिंगातून डास बघत राहिली, आणि दादा तिच्याकडे.

पावसाळा सरल्यावर मॅडमचं काम संपलं. त्या दूर कुठल्या तरी राज्यात गेल्या. तिकडून एकदा फोन आला. जंगलाकडच्या डासांत तो जिवाणू सापडला होता, पिंपांतल्यांत नाही. आवाजात तोच "अरे वा" होता.

परवा दादा मला बांधावर भेटले. "ती बाय परत येनार काय?"

"नाय दादा. काम झालं त्यांचं."

"मंग त्या डासांचा काय निगाला?"

मी सांगितलं. त्यांनी जंगलाकडच्या बांबूच्या बेटाकडे बोट केलं.

"एकाच गावातलं डास. मंग त्यांच्यात हाय न आपल्यात नाय, असा का?"

मी मॅडमचा नंबर लावला. लागला नाही. दादा म्हणाले, "परत लाव," आणि वाट बघत माझ्या शेजारी बांधावर बसले.